क्लायंट एकटा येत नाही

कोचिंगच्या पुस्तकांतला क्लायंट एकटा असतो. तो येतो, ध्येय सांगतो, अडथळे मोजतो आणि निर्णय घेऊन निघून जातो. डोंबिवलीतला क्लायंट खुर्चीत बसतो तेव्हा त्याच्या मागोमाग गृहकर्जाचा हप्ता, सासूबाईंचं मत, मुलाची दहावी आणि दादरपासून उभ्याने केलेला प्रवास अशी सगळी मंडळी आत येतात. पुस्तकं टाकाऊ नाहीत, मी त्यांवरच शिकले. पण इथे वापरताना त्यांत बरेच फेरफार करावे लागतात. ते वेळोवेळी वहीत टिपून ठेवले, त्यांतले हे काही. माणसांच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

*

संध्याकाळचं सेशन शक्यतो घेऊ नये. सीएसएमटी ते डोंबिवली ४८ किलोमीटर. फास्ट मिळाली तरी तासभर, शिवाय उतरल्यावर रिक्षाची रांग. असा माणूस रात्री साडेआठला समोर बसला की फार लवकर ‘हो’ म्हणतो. ‘हो, बोलतो साहेबांशी.’ ‘हो, सोमवारपासून सुरू.’ नवखे कोच या ‘हो’वर खूश होतात. त्याला फक्त घरी जायचं असतं.

मी शनिवारची सकाळ देते, किंवा घरून काम असेल त्या दिवशी लॉगिनच्या आधीचा तास. संध्याकाळच हवी असेल तर अट घालते: आधी घरी जा, तोंड धुवा, चहा घ्या, मग फोन करा.

*

ऑनलाइन सेशनचा पहिला प्रश्न: ‘आत्ता कोणाकोणाला ऐकू जातंय?’

वन बीएचके. आई पलंगावर बसून मालिका बघतेय, मुलगी टेबलाशी अभ्यास करतेय आणि गृहस्थ स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मला सांगताहेत की सगळं उत्तम चाललंय. त्यांना म्हटलं, गच्चीवर जा, व्हिडिओ बंद करा, इअरफोन लावा आणि चालत चालत बोला. सगळं उत्तम चाललेलं नव्हतं.

कॅमेरा चालूच हवा, चेहरा वाचता आला पाहिजे, असा आग्रह बरेच प्रशिक्षक धरतात. मला तो पटत नाही. स्वतःचाच चेहरा पडद्यावर बघत माणूस फार नीटनेटकं बोलतो. काही जण सोसायटीत उभ्या केलेल्या गाडीत बसून बोलतात, तेही चालतं. मध्येच कोणी आलं तर काय म्हणायचं हे मात्र आधी ठरवून घ्यावं. ‘फाइल उद्या पाठवतो’ हे वाक्य ऐकलं की मी फोन ठेवते.

*

गोपनीयता म्हटलं की करारातलं कलम डोळ्यांपुढे येतं. गावात ती रस्त्यावर पाळावी लागते. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर अर्धी डोंबिवली नटून उभी असते. उरलेली अर्धी गुढीपाडव्याला, गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने १९९९ मध्ये सुरू झालेल्या नववर्ष स्वागतयात्रेत भेटते. त्या गर्दीत माझा क्लायंट असतो, त्याची बायको असते आणि क्वचित त्याचा साहेबही.

म्हणून पहिल्याच भेटीत सांगून टाकते: ‘बाहेर दिसलात तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तर दाखवीन. आणि या कोण असं कोणी विचारलं, तर काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.’ एकीने मला योगा क्लासच्या मॅडम करून टाकलंय. तिच्या जावेने भर रस्त्यात मला गुडघेदुखीवर आसन विचारलं. डॉक्टरांना दाखवा म्हटलं, जे एरवीही खरंच आहे.

*

दुसऱ्या भेटीपर्यंत मी ‘ताई’ होते. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांची ‘मॅडम’, तिशीच्या आतल्यांची ‘ताई’. ताई म्हटलं की ताईकडून सल्ला अपेक्षित असतो, आणि सल्ला पाळला नाही तर तो लपवायचा असतो. दोन्ही आपल्या कामाच्या आड येतात. ‘ताई म्हणू नका’ असं मी कधी सांगत नाही, ते उद्धट वाटेल. फक्त आधीच म्हणून ठेवते की ठरवलेलं झालं नाही तर ते मला सगळ्यात आधी सांगायचं, कारण न झालेल्या गोष्टीत जास्त सापडतं.

उलटा धोकाही आहे. वयाने मोठ्या क्लायंटला आपण ‘काका’ म्हणालो की आपण भाचा-पुतण्यांच्या रांगेत जाऊन बसतो. काकांना ‘हे तुम्ही गेली पाच वर्षं टाळताय’ असं म्हणायला जीभ रेटत नाही. आडनावाला राव लावावं, किंवा सरळ सर म्हणावं.

*

आजचा कोचिंगचा व्यवसाय मैदानातून आला आहे. टिमथी गॅलवे यांचं ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ १९७४ चं. मोटारींच्या शर्यतीत उतरलेले जॉन व्हिटमोर यांनी तोच विचार कंपन्यांत नेला आणि १९९२ मध्ये ‘कोचिंग फॉर परफॉर्मन्स’ लिहिलं. त्यातलं चेंडूचं उदाहरण मी नव्या कोचना सगळ्यात आधी सांगते. ‘चेंडूकडे बघ’ म्हणून ओरडलं तर खेळाडू आणखी ताठरतो. ‘बघतोयस ना?’ विचारलं तर ‘हो’ म्हणतो आणि विषय संपतो. ‘येताना चेंडू कोणत्या बाजूला फिरतोय?’ असं विचारलं की उत्तर देण्यासाठी त्याला चेंडू बघावाच लागतो.

आमच्या खोलीत याचं रूप असं होतं. ऐरोलीच्या एका आयटी कंपनीतला टीम लीड. तक्रार: मीटिंगमध्ये बोलायला जमत नाही. आत्मविश्वासाबद्दल विचारलं असतं तर ‘कमी आहे’ म्हणाला असता आणि आम्ही दोघंही त्या शब्दाभोवती महिनाभर फिरलो असतो. त्याला एवढंच सांगितलं: आठवडाभर नुसतं बघून ये. तू बोलायला गेलास आणि थांबलास, त्या क्षणी तू मनात काय करत होतास? त्याने आणलेलं उत्तर मला सुचलं नसतं. तो इंग्रजी वाक्य मनात पूर्ण बांधून होईपर्यंत थांबत होता, आणि वाक्य तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. उपायही त्यानेच काढला. मीटिंग सुरू होताच पहिला प्रश्न आपण विचारायचा, कारण तो घरून बांधून नेता येतो. पुढचं पुढे.

हे ऐकून हमखास कोणीतरी आचरेकर सरांचं नाव काढतं. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवत. गोलंदाजाने सचिनला बाद केलं तर ते त्याचं, सचिन नाबाद राहिला तर सचिनचं. सर आपल्याला कधी ‘छान खेळलास’ म्हणाले नाहीत, हे सचिनने २०१३ मध्ये वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात सांगितलं. ‘मॅडम, कोच असा हवा, तुमचं हे प्रश्न विचारणं मिळमिळीत आहे.’ मला यात चिडण्यासारखं काही दिसत नाही. स्कूटरवर बसवून या मैदानावरून त्या मैदानावर नेणारा, रागावणारा, घडवून घेणारा गुरू शाळकरी मुलाला लाभला तर त्याचं भाग्यच. चाळिशीतल्या खातेप्रमुखाला तसं घडवायला गेलं तर तो दोन भेटींत यायचा बंद होतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे कायमचा येत राहतो.

नाणं मात्र मी उचललंय. डाव लहान, नियम एका वाक्याचा, निकाल त्याच संध्याकाळी. क्लायंटने ठरवलेलं पाऊल एवढं लहान आणि एवढं स्पष्ट झालं का, हे मी त्यावरून बघते. ‘टीमशी संवाद वाढवणार’ यात नाणं कुठे ठेवणार?

आपल्याकडे या दोन टोकांच्या मधला माणूस नाशिकला होऊन गेला. भीष्मराज बाम. पोलीस सेवेतले अधिकारी, स्वतः नेमबाजीतले, नंतर नेमबाजांपासून क्रिकेटपटूंपर्यंत अनेकांचे मानसिक प्रशिक्षक. त्यांचा भर योगावर, आणि मन पदकावरून काढून हातातल्या कृतीवर आणण्यावर. ‘प्रमोशन कधी’ एवढंच घेऊन येणाऱ्यांना मी त्यांची पुस्तकं वाचायला देते.

*

‘का?’ हा प्रश्न आपल्याकडे पालक, शिक्षक आणि साहेब विचारतात, आणि त्यांना खुलासा हवा असतो. क्लायंटही खुलासाच देतो. ‘तेव्हा काय काय झालं?’ म्हटलं की हकीकत मिळते.

*

एक ते दहाच्या पट्टीवर किती? हा प्रश्न आता सगळेच विचारतात. स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या जोडप्याने तो समुपदेशनात रुळवला. गंमत त्याच्या पुढच्या प्रश्नात आहे. क्लायंट म्हणतो, ‘सहा.’ आपण दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर वाढलेली माणसं. सहा ऐकल्याबरोबर उरलेले चार कुठे गेले ते विचारतो, आणि क्लायंट आपल्या उणिवांची यादी वाचायला घेतो. विचारायचं ते उलटं: ‘सहा म्हणालात, तीन का नाही म्हणालात?’ मग त्याला आपल्या बाजूच्या गोष्टी शोधाव्या लागतात. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांच्या पद्धतीत, जी व्यसन सोडवण्याच्या कामातून तयार झाली, यावर फार भर आहे: बदलाची कारणं क्लायंटच्या तोंडून यावीत, आपल्या नव्हे. आपण कारणं द्यायला लागलो की तो न बदलण्याची कारणं देतो. चांगल्या घरच्या माणसाचा तो वादातला शिष्टाचारच आहे.

हा एकच ‘का’ मी वापरते. वरच्या टिपणाशी विसंगत आहे, राहू दे.

*

पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक बाई. डोंबिवलीचं निम्मं रात्रीचं जेवण असल्या केंद्रांवर चालतं, म्हणून त्यांच्याबद्दल जरा जास्त लिहिते. त्यांना दुसरी शाखा काढायची होती, पश्चिमेला. गाळा बघितलेला, नवऱ्याची ना नाही, बँकेत ओळख. आणि वर्षभर काही हलत नव्हतं. पुस्तकाप्रमाणे मी ध्येय, सद्यस्थिती, पर्याय आणि निर्धार या चार पायऱ्या घेतल्या. प्रत्येक पायरीवर त्यांची उत्तरं चोख. माझ्या शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजत आम्ही दोघी गप्प बसलो तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, ‘तिकडे गेले तर इथल्या पोळ्या कोण बघणार?’

प्रश्न पोळ्यांचा नव्हता. केंद्र सुरू करताना त्यांच्या सासूबाई पहाटे उठून कणीक मळायच्या. आता त्यांच्याने होत नाही, पण रोज सकाळी येऊन त्या पहिली पोळी मोडून बघतात. दुसरी शाखा म्हणजे सासूबाईंनी न तपासलेली पोळी विकणं. हे कोणत्याही खर्चाच्या तक्त्यात येत नाही.

इथे बहुतेक पुस्तकं म्हणतील, क्लायंटला तिच्या स्वतःच्या इच्छेपाशी आणा, इतरांच्या अपेक्षा बाजूला काढा. मला तो सल्ला अर्धवट वाटतो. सासूबाई बाजूला काढण्याची वस्तू नाहीत. त्या धंद्याच्या भागीदार आहेत, फक्त कागदावर नाहीत. मी विचारलं, ‘हा विषय त्यांच्यापुढे काढायचा झाला तर कोणत्या वेळी, कोणत्या खोलीत काढाल?’ एवढ्या बारीक प्रश्नाला त्यांनी बारीक उत्तर दिलं: गुरुवारी दुपारी, ओटा आवरल्यावर, नवरा घरात नसताना. पुढच्या वेळी आल्या तेव्हा शाखेचं ठरलेलं नव्हतं. पण पश्चिमेच्या पोळ्या करायला कोणाला ठेवायचं, त्या बायकांची परीक्षा सासूबाई घेणार होत्या.

गप्प बसण्याबद्दल इतकंच: आपल्याकडे यजमानाने गप्प बसणं अपमान समजतात, त्यामुळे कोचचा हात आपोआप पाण्याच्या तांब्याकडे किंवा पुढच्या प्रश्नाकडे जातो. पाणी सेशनच्या आधीच ठेवावं.

*

तारखा. ‘तीन महिन्यांत’ हे डोंबिवलीत काही खरं नसतं. जूनमध्ये शाळा, मग श्रावण, गणपतीत कोकण, पितृपक्षात नवं काही नाही, नवरात्र, दिवाळी; मे महिन्यात गावाला. क्लायंट ‘दिवाळीनंतर’ म्हणाला की नवखा कोच त्याला टाळाटाळ समजतो. कधी असतेही. पण जिच्या घरी गौरी बसतात तिला भाद्रपदात कोर्स सुरू करायला लावणं हा आपला अडाणीपणा. मी भिंतीवरचं कालनिर्णय काढून समोर ठेवते आणि पाऊल कोणत्या दोन सणांच्या मध्ये बसतंय ते क्लायंटलाच दाखवायला सांगते.

*

पैसे कंपनी भरते तेव्हा खुर्च्या तीन होतात: क्लायंट, त्याचा साहेब, एचआर. पहिली भेट तिघांसह घ्यावी आणि त्यांच्यादेखत बोलून घ्यावं की कंपनीला दोनच गोष्टी कळतील, भेटी झाल्या की नाही, आणि ठरलेली ध्येयं कोणती. खोलीतलं बोलणं कळणार नाही. तरीही महिनाभरात फोन येतोच: ‘मॅडम, ऑफ द रेकॉर्ड, कसं चाललंय त्याचं?’ उत्तर: ‘त्यालाच विचारा, त्याला आवडेल.’ आवाज गोड ठेवावा, पुढचं काम त्यांच्याकडूनच यायचं असतं.

*

‘विवेकनिष्ठ’ विचारपद्धती मराठीत रुजवण्याचं मोठं श्रेय डॉ. कि. मो. फडके यांचं. ती मांडणारे अल्बर्ट एलिस न्यूयॉर्कला, फडके मुंबईला, आणि दोघांत वर्षानुवर्षं पत्रव्यवहार. हे मला कोच म्हणून फार मोलाचं वाटतं. पत्राला उत्तर यायला लागणाऱ्या काळात माणूस आपल्याच प्रश्नाकडे परत परत जातो. व्हॉट्सॲपवर क्लायंटचा मेसेज आला की मी त्या दिवशी उत्तर देत नाही, फक्त वाचल्याचं कळवते. बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी त्याचाच दुसरा मेसेज येतो.

एलिस यांची इच्छा आणि हट्ट यांतली फारकत कोचिंगमध्ये थेट कामाला येते. ‘मला पुण्याची बदली मिळावी’ ही इच्छा. ‘मिळाली नाही तर माझ्या आयुष्याला अर्थ नाही’ हा हट्ट. इच्छेवर काम करता येतं. हट्ट आधी मोकळा करावा लागतो. आणि तो फार खोल गेलेला दिसला तर ते आपलं काम नव्हे.

*

आपलं काम कुठे संपतं, त्याबद्दल सविस्तर. आपल्या देशात कोणीही उद्या सकाळी पाटी लावून कोच होऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, कोचला कायद्याने काही लागत नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची मान्यता ऐच्छिक आहे. तिची पहिली पायरी ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा अनुभव, सर्वांत वरची २५०० तासांचा. तास मोजून शहाणपण येतं असं नाही, पण आपण कुठे थांबायचं हे शिकायला थोडे तास लागतात.

दोन आठवडे सलग उदास, झोप आणि भूक बिघडलेली, आवडीच्या गोष्टीत मन नाही, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं एखादं वाक्य. यातलं काही दिसलं की ध्येयाची चर्चा बंद. आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे सरळ शब्दांत विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. शंका असेल तर फोन करण्याचं पुढच्या भेटीवर ढकलू नये. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था जवळच आहे, त्यामुळे कोणाकडे पाठवायचं हा प्रश्न आपल्याला इतरांइतका पडत नाही. कसं पाठवायचं हा पडतो. ‘तुम्हाला मानसोपचारांची गरज आहे’ म्हटलं की माणूस दार लावून घेतो. ‘झोप बिघडलीय, ती आधी डॉक्टरांना दाखवू, आपलं काम तोवर थांबवू, संपवायचं नाही’ म्हटलं की बहुतेक जण जातात. झोपेची तक्रार घरात सांगता येते.

पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसाइतकंच त्याच्या बायकोकडेही लक्ष दिलं जातं. तिथे पत्नींचा ‘सहचरी’ गट आहे. आमच्या कामात व्यसन क्वचित असतं, पण नवऱ्याची नोकरी गेल्यावर बायकोशी कोण बोलतं? कोचच्या खोलीत तिला आणायचं नाही, तो करारभंग होईल. तिच्यासाठी वेगळं माणूस सुचवता येतं.

*

फी. ओळखीत अर्धी, नात्यात फुकट, ही इथली रीत. अर्ध्या फीचा क्लायंट अर्ध्या वेळा येतो. ज्याला परवडत नाही त्याच्याशी कमी फी आधीच बोलून ठरवावी आणि तीही पावती देऊन घ्यावी. नातेवाइकांना घेऊच नये.

*

नोंदी क्लायंटच्या शब्दांत लिहाव्यात. ‘असुरक्षितता जाणवते’ हे माझं वाक्य. ‘मॅनेजर केबिनचं दार लावून घेतो तेव्हा पोटात कालवतं’ हे त्याचं. सहा महिन्यांनी दुसरं उपयोगी पडतं. नाव लिहायचं नाही, आद्याक्षरंही नाहीत. डोंबिवलीत आद्याक्षरांवरून माणूस सापडतो.

*

काम संपलं की लोक पेढे आणतात, आणि महिन्याभरात मेव्हण्याला पाठवतात. ‘ताई, त्यालाही जरा बघा.’ कौतुक म्हणून हे गोडच लागतं, धंदा म्हणूनही. मी मेव्हण्याला ठाण्याच्या एका सहकाऱ्याकडे पाठवते. एकाच घरातले दोघे घेतले की दुसऱ्याच्या पहिल्या भेटीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘आमचे दाजी काय म्हणत होते हो इथे?’